गूळपाण्याचा रविवार

भालेराव सर चालता चालता झोपतात, असं आमच्या सोसायटीतल्या पोरांचं ठाम मत होतं. सकाळी पावणेसातला ते जिना उतरायचे तेव्हा डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत असलेले, काखेत वह्या आणि हातात जेवणाचा डबा. वॉचमन बाबूभाई "राम राम, साहेब" म्हणायचा. सर दोन पावलं पुढे जायचे, थांबायचे, मागे यायचे आणि त्याच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "राम राम, बाबूभाई. मी इथे नव्हतो. आत्ता आलो."

मी एकदा विचारलं, "नव्हतात म्हणजे कुठे होतात, सर?"

"दुसऱ्या तासाला," ते म्हणाले. "पोरांना आज काय विचारायचं ते बघत होतो."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी. मूळची अमळनेरची, लग्न करून सूरतेत आले आणि लिंबायतच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत तीस वर्षं लूमवाल्यांच्या पोरांना बाराखडी शिकवत राहिले. त्यामुळे सर मला बाई म्हणायचे आणि मी त्यांना सर. मास्तरानं मास्तराला हाक मारायची ती अशीच. ते नगर जिल्ह्याकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, नाव शांतवन. त्यांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही, आणि जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगायची गरजही वाटत नाही. मला आठवतं ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि तेही सलग आठवत नाही. दुपारच्या झोपेत ऐकलेल्या बोलण्यासारखं मधूनमधून आठवतं.

उधन्याच्या अलीकडे एका जुन्या बंगल्यात त्यांची सेमिनरी होती. अठरा विद्यार्थी. कुणी डांगातले, कुणी व्यारा-सोनगडकडचे, कुणी आमच्या खानदेशातले. शिकून झालं की हे पाळक होणार, म्हणजे गावोगावची ख्रिस्ती मंडळी सांभाळणार. प्राध्यापक चार होते. त्या जूनमध्ये एक परदेशी गेले, एकांची बायपास झाली, एकांना दुसरीकडे मोठी जागा मिळाली. उरले सर. वेळापत्रकाचा कागद त्यांनी माझ्यासमोर धरला तर सोमवार ते शुक्रवार त्यांचंच नाव, मधल्या सुट्टीच्या रकान्यातसुद्धा.

"सुट्टीत काय शिकवणार?"

"हिब्रू. भूक लागलेली असली की क्रियापदं लवकर पाठ होतात."

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. चाळीस वर्षं ती वाचून सरांना सगळंच मागून उघडायची सवय लागली होती. पेपर शेवटच्या पानापासून, लग्नपत्रिका 'आपले विनीत'पासून. आमच्या ह्यांना त्याची फार गंमत वाटायची. एकदा ह्यांनी त्यांना रहस्यकथेचं पुस्तक दिलं तर दुसऱ्या दिवशी परत आणून म्हणाले, "खुनी कळला. आता बिचाऱ्यानं का केलं ते निवांत वाचतो," आणि पुन्हा घेऊन गेले.

शिकवण्याची तऱ्हा तर विचारू नका. प्रवचन कसं करावं हा त्यांचा खास विषय. त्यासाठी ते पोरांना वर्गात उभं करत नसत. पाळी सुटायच्या वेळेला उधन्याच्या लूमच्या फाटकासमोर नेऊन उभं करत. आत मागांचा खटखटाट, बाहेर रिक्षा, मेट्रोच्या खोदकामाची धूळ, आणि फाटकातून बाहेर पडणारी बारा तास उभी राहिलेली माणसं. सर म्हणायचे, "यांच्यापैकी कुणाशीही एक वाक्य बोल. धर्माचं नको. साधं. तो थांबला तर दुसरं बोल. नाही थांबला तर उद्या पुन्हा ये." एका डांगी मुलाला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यानं एका कामगाराला विचारलं, "दादा, जेवलास का?" तो माणूस थांबला, म्हणाला, "नाही रे," आणि दोघं टपरीवर जाऊन बसले. सरांनी त्या मुलाला पहिला नंबर दिला. तो मुलगा अजून प्रवचनात अडखळतो म्हणे, पण लोक त्याचं ऐकतात.

आठवडाभर हे सगळं. शनिवारी संध्याकाळी इच्छापोर. हजीऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेली माणसं तिथे एकेका खोलीत आठ-आठ राहतात, त्यांच्यासाठी प्रार्थना. रविवारी सकाळी उधना. आणि दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की रविवारी दुपारी चलथाणच्या पलीकडचा पडाव. तोडणीला आलेल्या लोकांच्या मुक्कामाला इकडे पडाव म्हणतात. शेताच्या कडेला बांबू आणि प्लॅस्टिकच्या पन्नासेक झोपड्या, दिवाळीनंतर उगवणाऱ्या आणि उन्हाळा आला की नाहीशा होणाऱ्या. त्यांतली दहा-बारा बिऱ्हाडं साक्री-नवापूरकडची ख्रिस्ती होती. सर त्यांना 'माझी पाच महिन्यांची मंडळी' म्हणायचे.

पडावावर मी कशी पोचले ते सांगते. आमच्या ह्यांनी निवृत्तीच्या वेळी गाडी घेतली आणि चालवायला घाबरले. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शिकले. मला सरावाला रस्ता हवा होता, सरांना दोन बस बदलून चलथाणला जाणं झेपत नव्हतं. ह्यांनी निकाल दिला, "एकाला स्वर्गाची घाई, दुसरीला तिसऱ्या गिअरची. जा दोघं." शालिनीताई, म्हणजे सरांच्या पत्नी, खाली यायच्या, गाडीच्या खिडकीत वाकून विचारायच्या, "पेटी घेतली का?" आणि सर मांडीवरची पत्र्याची पेटी वाजवून दाखवायचे.

त्या पेटीत प्रभुभोजनाचं सामान असे. इस्त्रीचं पांढरं वस्त्र, काचेचे अंगठ्याएवढे पेले, एक ताटली, गव्हाची भाकर आणि शालिनीताईंनी नाशिकची द्राक्षं उकळून केलेला रस. हे ख्रिस्ती लोकांचं सगळ्यांत पवित्र जेवण. एक घास, एक घोट. मी हिंदू बाई, गाडीपाशी उभी राहून लांबून बघायची. त्यात मला सगळं कळत होतं असं नाही. पण सरांचे एरवी कुठेतरी हरवलेले डोळे त्या दहा मिनिटांत टक्क उघडे असायचे, हे मात्र कळायचं.

नाताळात त्यांची फारच ओढाताण झाली. चोवीस तासांत पाच उपासना. शेवटची पडावावर, दुपारी. जमिनीवर पोती अंथरलेली, कारखान्याकडून मळीचा गोडसर आंबूस वास येतोय, जाळलेल्या उसाच्या पाचटाची काळी पिसं हवेतून हळूहळू खाली येतायत. सरांनी प्रार्थनेला डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. सर दोन वाक्यं बोलले आणि थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुणी हललं नाही. मी लांबून बघत होते, मला कळलं, सर उभ्या उभ्या झोपले होते. चार-पाच मिनिटांनी कुणाचं तरी लेकरू रडलं, सर दचकले आणि खणखणीत "आमेन" म्हणाले. परत येताना त्यांना फार लाज वाटत होती. पुढच्या रविवारी एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, मागच्या बारीसारखी प्रार्थना मी जलमात ऐकली नाही. समदं शांत शांत झालं." मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बघा. मी बाजूला झालो की बरं चालतं."

इतका मऊ माणूस, पण एका बाबतीत लोखंड. संस्कारांच्या नियमांच्या बाबतीत. त्यांच्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असे. पुरात अडकलेल्या मंडळीला प्रभुभोजन हवं आहे, पण तुमच्यापाशी भाकर आणि द्राक्षरस नाही. तुम्ही काय कराल? जवळ असेल ते वापरू, असं लिहिणाऱ्याला शून्य. उत्तर एकच होतं. थांबावं. मी एकदा वाद घातला. सर म्हणाले, "बाई, तुम्ही पोराला 'क' काढायला शिकवता तेव्हा 'जवळ असेल ते काढ' म्हणता का? हे आपण बनवलेलं नाही. मिळालेलं आहे. मिळालेलं जसंच्या तसं पुढे द्यायचं. तेवढंच आपलं काम." मास्तरीण असल्यामुळे मला ते पटलं होतं.

पडावावर सोनीबाई आणि रमिलाबाई अशा दोघी सख्ख्या बहिणी होत्या. दोघी पन्नाशी उलटलेल्या. अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांची आई वारली तेव्हा रमिलाबाई दूर बारडोलीकडच्या पडावावर होती आणि सोनीबाईनं निरोप धाडला नाही. रमिलाबाई गावी पोचली तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. त्या वर्षी मुकादमानं दोघींना नेमकं एकाच पडावावर आणून टाकलं. झोपड्या समोरासमोर आल्या, तर सोनीबाईनं आपलं दार उलट्या बाजूला केलं. दोघीही प्रभुभोजनाला बसत नव्हत्या. मनात वैर ठेवून त्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, येऊ नये असा त्यांच्यात नियम आहे, आणि दोघी नियमाला धरून लांब, एक या टोकाला, एक त्या टोकाला बसून राहायच्या.

सरांनी पाच महिने त्या दोघींचा पिच्छा पुरवला. दर रविवारी आधी एकीच्या चुलीपाशी, मग दुसरीच्या. समजावणं असं काही नाही. नुसतं बसायचं. माझी बोली अहिराणी असल्यामुळे मी मध्ये मध्ये दुभाषी. रमिलाबाई दर वेळी एकच सांगायची, "सर, मायनं तोंड माले दिसनं नही. इनी माणूस धाडा नही. हाई मी कशी इसरू?" आईचं तोंड शेवटचं दिसलं नाही, हे विसरू कशी. सर म्हणायचे, "विसरू नको. बोल फक्त. बहिणीशी बोल, मग मेजाशी ये. मी तुझा घास राखून ठेवतो." सोनीबाई काहीच बोलायची नाही. तिला चुकलेलं कळत होतं आणि कबूल करायला जीभ उचलत नव्हती. हंगाम संपायच्या आत या दोघी एकदा तरी शेजारी बसाव्यात, एवढीच त्या वर्षी सरांची इच्छा उरली होती. ती आणि दुसरी एक. मेअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांच्या शेवटच्या तुकडीला पाळकाची दीक्षा मिळायची होती आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा मान सरांचा होता. पोरांची नावं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

ईस्टरचा रविवार आला. शालिनीताई पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. सर पहाटे चारपासून उभे. पाचला उधन्याला पहाटेची उपासना, नऊला सेमिनरीत, बाराला इच्छापोर. तिथून मी त्यांना उचललं आणि ते गाडीत बसल्या बसल्या झोपले. सूरत ओलांडायला दीड तास लागला. मेट्रोनं रस्ते असे काही वळवलेत की माणूस आपल्याच शहरात पाहुणा होतो. मधे एकदा झोपेतच ते म्हणाले, "दोघी येतील," आणि पुन्हा झोपले.

पडावावर पोचलो तर झोपड्या अर्ध्या उतरलेल्या. मुकादमानं अचानक ठरवलं होतं, आजच निघायचं, पाचला ट्रक. भांडी, कोंबड्या, गाठोडी, सगळं रस्त्यावर मांडलेलं. साडेतीन वाजले होते. आणि त्या पसाऱ्यातून दोघी बहिणी आल्या. धुतलेली लुगडी नेसून, एकमेकींचा हात धरून. रडून रडून दोघींचे चेहरे सुजलेले.

सोनीबाई पहिल्यांदाच सरांशी आपणहून बोलली. "तुम्ही सांगेल व्हतं ना, सर, पयले बहिणसंगे बोल, मंग ये. आम्ही दोन्ही उनूत."

दोघी आल्या होत्या. सरांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. ते लगबगीनं गाडीकडे आले, मागचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"बाई, पेटी?"

मी सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं. फोन केला. पेटी इच्छापोरला एका खोलीत कॉटखाली होती, अगदी सुखरूप. जाऊन यायला तीन तास. "मी जाते," मी म्हटलं. सर म्हणाले, "ट्रक पाचला निघणार, बाई." जवळपास दुकान होतं, त्यात ना द्राक्षरस ना भाकर, बिडी-काडी आणि वेफर्सची पाकिटं.

सरांनी लोकांकडे वळून "थांबा" म्हटलं. पण पुढचं वाक्य येईना. कुठवर थांबा? नोव्हेंबरपर्यंत? पुढच्या हंगामात मुकादम कुणाला कुठे नेईल हे कोण सांगणार? ते डोळे मिटून उन्हात उभे राहिले. दोघी त्यांच्यासमोर हात धरून उभ्या. मला वाटलं, झोपले की काय पुन्हा. तेवढ्यात एक बाई तांब्या आणि पितळीत गुळाचा खडा घेऊन आली. उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी द्यायचं ही आपली रीत, सामान बांधलेलं असलं तरी तिनं ती सोडली नव्हती. "पयले पाणी घ्या, सर," ती म्हणाली.

सरांनी डोळे उघडले. गुळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खडा तांब्यात सोडला आणि विचारलं, "भाकरी आहे का कुणाकडे?" रमिलाबाईनं वाटेसाठी बांधलेलं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी काढली. सरांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल एका उलट्या घमेल्यावर पसरला. आणि मग ते सगळं म्हणाले जे ते नेहमी म्हणत, एक अक्षर कमी नाही. मी गाडीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं. पहिला घास सोनीबाईला, दुसरा रमिलाबाईला. सोनीबाईनं आपल्यातला अर्धा तोडून बहिणीच्या हातावर ठेवला. हे काही त्यांच्या रीतीत बसत नसावं. सरांनी पाहिलं आणि तांब्या पुढे केला. पाचला ट्रक आले आणि अर्ध्या तासात तिथे चुलींच्या राखेखेरीज काही उरलं नाही.

परतताना सर टक्क जागे होते. कामरेज रोडच्या सिग्नलला म्हणाले, "बाई, मी काय केलं, कळलं तुम्हाला?"

"पुण्य केलंत," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

"मी बत्तीस वर्षं पोरांना जे करू नका सांगितलं, ते केलं. आता हे लपवून मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन वर आले, शुद्धलेखन तपासायला. त्यांच्या वरिष्ठ सभेला लिहिलेलं, स्वतःविरुद्धच्या तक्रारीचं. दिवस, वेळ, ठिकाण, काय वापरलं, सगळं. एकही सबब नाही. पेटी विसरलो यापुढे 'थकव्यामुळे' असंसुद्धा लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "भाकरी ती भाकरीच ना, सर. तुमच्या शास्त्रातही भाकरच म्हणतात." ते जरा रागावलेच. "शब्दाच्या आडोशाला उभं राहायचं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? त्या 'आज्ञेप्रमाने'तला 'न' तेवढा सुधारा." मी सुधारला. मला त्यांचा रागही आला होता आणि रडूही येत होतं. सुखासुखी निवृत्त व्हायचं सोडून हा माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होता.

पंधरा दिवसांनी सेमिनरीच्या ग्रंथालयात तिघं चौकशीला बसले. त्यांतले एक पाळक वसावे, सरांचेच जुने विद्यार्थी. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. हिंदू साक्षीदार चालते का, असं मी विचारलं तर वसावे हसले, पण त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही लांब होता. सरांनी विधीचे शब्द उच्चारले, की नुसती प्रार्थना केली? ट्रकचे आवाज असतील. नसेल ऐकू आलं, तर तसं सांगा." मला कळलं, ते दार उघडून देत होते. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले. मी खोटं बोलले असते तर त्यांना ते उघडावे लागले असते. मी म्हटलं, "सगळे शब्द म्हणाले. मला ऐकू आले."

मग वसावे सरांकडे वळले. "सर, एकच गोष्ट मान्य करा. ते प्रभुभोजन नव्हतं, प्रेमाचं जेवण होतं. वाटेला लागलेल्या लोकांसोबत घेतलेला घास. एवढं लिहून दिलंत की विषय संपला. मेमध्ये पोरं तुमची वाट बघतायत."

"आणि त्या दोघींना काय सांगू?" सर म्हणाले. "की तुम्ही अकरा वर्षांचं वैर टाकून आलात, पण मी तुम्हाला दिलं ते काहीच नव्हतं?"

"सर, तुम्हीच मला या प्रश्नाला शून्य दिलं होतं." वसावे म्हणाले. "मी 'जवळ असेल ते' लिहिलं होतं. तुम्ही लाल शाईनं 'थांबावं' लिहिलंत. आज मी माझ्या पोरांना 'थांबावं' शिकवतो."

"बरोबर शिकवतोस," सर म्हणाले. "नियम बरोबर आहे. मी मोडला तेही खरं आहे. आणि त्या दोघींना मिळालं तेही खरं आहे. ही तिन्ही मला एकत्र बसवता येत नाहीत, वसावे. मी पंधरा दिवस बसवून पाहतोय. तुला आली तर मला सांग. पण तिसरं काढून टाक म्हणशील तर ते माझ्या हातून होणार नाही."

निकाल वसाव्यांनीच लिहिला. एक वर्ष भालेराव सरांनी प्रभुभोजन द्यायचं नाही, दीक्षेच्या वेळी हात ठेवायचे नाहीत. मेमधल्या त्या समारंभाला सर शेवटच्या रांगेत बसले होते. पोरं एकेक करून गुडघे टेकत होती, हात दुसऱ्यांचे होते. मी मुद्दाम शेजारी बसले होते. सर प्रत्येक पोराचं नाव हळूच उच्चारत होते, आणि त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात त्यांच्या सगळ्या धर्मसभेबद्दल जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शालिनीताई मात्र घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी असते तर पेटी विसरली नसती." सर म्हणाले, "मग त्या दोघी उपाशी राहिल्या असत्या का, की जेवल्या असत्या, देव जाणे." म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी नगरकडे घर बांधायला काढलं होतं. दिवाळीनंतर सामान हलणार होतं. जायच्या आदल्या रविवारी ते वर आले. "बाई, तिसरा गिअर अजून येतो ना?"

पडाव त्याच जागी पुन्हा उगवला होता. झोपड्या नव्या, माणसं बरीचशी जुनी. सरांच्या शेवटच्या तुकडीतला एक तरुण पाळक पेटी घेऊन आला होता, गुरू समोर बसलेले म्हणून पेले पुन्हा पुन्हा मोजत. सर पोत्यावर, लोकांच्या रांगेत, मांडी घालून. उपासनेच्या वेळी मी पहिल्यांदाच गाडी सोडून जवळ गेले आणि कडेला बसले. सर मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होते.

उपासना सुरू झाल्यावर रमिलाबाई आली. एकटी. सरांना बघून थबकली, मग त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"सोनी गयी, सर. आखाडमा."

आषाढात गेली. ताप आला आणि चार दिवसांत गेली. तीन भाषांतून सांत्वन करायला शिकवणारे सर तिच्याकडे वळून बसले. रमिलाबाईनं पदरानं नाक पुसलं. तिला सांत्वन नको होतं. काहीतरी सांगायला आली होती आणि ते सांगून झाल्याशिवाय हलणार नव्हती.

"मी जोडे व्हतू, सर. चार दिन, चार रात. पाणी मीच पाजं. तिन्हं तोंड दिसनं माले."

सर सरकले आणि पोत्यावर त्यांनी तिला जागा करून दिली. ती बसली. तरुण पाळक ताटली घेऊन रांगेतून येत होता. सरांनी दोन्ही हात पुढे केले, तेव्हा मी पाहिलं, ते लहान मुलासारखे रडत होते आणि रमिलाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.